तीन बोटांचा बैल

धाराशिव,
११ मार्च, सकाळचे साडेदहा
(बारा वाजायच्या आत पत्र संपवायचं आहे. का, ते पुढं कळेल.)

ती. बब्रुवानमामा यांच्या दोन्ही पायांवर भाचा कृष्णराज याचं डोकं टेकलेलं आहे असं समजावं, आणि पत्र वाचून होईपर्यंत ते तिथून उचललेलं नाही असंही समजावं.

तुमची कंबर कशी आहे? मामींनी गरम करून दिलेलं तेल तुम्ही लावता, की गडी बाहेर गेला की खिडकीतून ओतता? (मला सगळं कळतं.) कस्तुरामामींना नमस्कार, त्यांच्या लसणाच्या चटणीने या महिन्यात माझा जीव तगवला. मी ठीक आहे. म्हणजे ताप नाही, खोकला नाही, आणि जे आहे त्याच्यासाठी डॉक्टरकडं जाऊन काय सांगावं ते सुचत नाही. फोन सोडून पत्र का लिहितो, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुमच्या फोनला एरवी विहिरीतसुद्धा रेंज असते, पण मी जनावरांच्या बाजाराचं नाव काढलं की ती जाते. या महिन्यात चार वेळा गेली. पत्राला रेंज लागत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुम्ही दर दिवाळीला मला विचारता, की वकील झालास, सनद मिळाली, काळा कोट शिवला, आता आणखी कसलं शिकतोस? तर मामा, याला एलएल.एम. म्हणतात आणि माझा विषय व्यापारी कायदा आहे. म्हणजे करार, खरेदी-विक्री, दलाली, भागीदारी. आमच्या वर्गात चौघं आहेत, त्यांतला एक फक्त परीक्षेला दिसतो. (तो खरोखर आहे का, अशी मला हल्ली शंका येते, पण हल्ली मला ती कुणाबद्दलही येते.) शेवटच्या सत्राला एक लघुप्रबंध लिहावा लागतो. माझ्या मार्गदर्शक मेहनाज मॅडम. फार हुशार बाई, पण त्यांच्यासमोर कुणी रडायला लागलं तर त्या आधी विचारतील, की रडण्याला आधार कुठल्या कलमाचा आहे. एकोणतीस तारखेला माझी तोंडी परीक्षा आहे आणि प्रबंध त्याच्या आधी आठ दिवस द्यायचा आहे. नाही दिला तर दोन वर्षं पाण्यात.

प्रबंधाचा विषय मीच मोठ्या हौसेनं निवडला: रुमालाखालचा सौदा. तुम्हाला यातलं सांगणं म्हणजे मामींना भाकरी थापायला शिकवणं आहे, पण प्रबंधात लिहिलंय तसं लिहितो. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल पडतो आणि आत बोटं धरून भाव ठरतो. एक बोट म्हणजे एक, मूठ म्हणजे पाच. पटलं तर अंगठा दाबायचा. नाही पटलं तर समोरच्याची बोटं हलकेच सोडायची. तोंडानं अक्षर काढायचं नाही आणि काही झालं तरी हात हिसडून ओढून घ्यायचा नाही. (हे शेवटचं वाक्य लिहिताना मी तुमच्याकडं बघत नाहीये.) मॅडमनी सांगितलं होतं, दहा सौदे लांबून पाहा, टिपणं काढा, स्वतः हात घालू नका. मी नऊ पाहिले. दहावा मिळेना, कारण आता निम्मा बाजार मोबाइलवर फोटो पाठवून होतो.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या बाजारी मी अणदूरच्या पुढच्या माळावर पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. ऊन असं, की प्रत्येक माणूस स्वतःच्या सावलीवर उभा. महांतप्पा नावाचे तिथले सर्वांत जुने दलाल एका बसक्या दगडाशेजारी तंबाखू मळत बसले होते. तुम्ही त्यांना ओळखता, त्यांनी तुमची चौकशी केली. पण ती नंतर. आधी त्यांनी माझीच केली, कुनाचा रं तू? आता इथं मी बेंबळीच्या आमच्या वडिलांचं नाव सांगितलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण वडील तहसीलमध्ये कारकून, त्यांना बैलबाजारात कोण ओळखणार? म्हणून मी छाती पुढं काढून, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणालो, तामलवाडीच्या बब्रुवानमामांचा भाचा. अप्पांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्या दगडाकडं पाहिलं. दगडावर कुणी नव्हतं.

मी म्हणालो, अप्पा, दहावा सौदा मिळत नाही, तर आपणच एक खोटाखोटा करू. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. (करार कायद्यात मौन म्हणजे संमती नव्हे. हे मला पाठ होतं आणि तरीही मी ती संमती धरली.) मी हात पुढं केला, त्यांनी खांद्यावरचा रुमाल त्याच्यावर टाकला, आणि रुमालाखाली एक हात आला. मामा, तो हात रांजणात बुडवून काढल्यासारखा गार होता. बाहेर दगडाला हात लावला तर फोड येईल असं ऊन, आणि आत हे. तळव्याला कासऱ्याचे घट्टे होते. त्यानं माझं पहिलं बोट धरलं, मग मधलं, मग त्याच्या शेजारचं. तीन. मग तो थांबला. कुठलीही घाई नाही, जणू त्याला भरपूर वेळ होता. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की बाजारात एकाही जनावराची घंटा वाजत नाहीये. दीड-दोनशे बैल असतील, सगळ्यांनी माना आमच्याकडं वळवल्या होत्या. मला वाटलं, व्वा, प्रबंधात घालायला काय वातावरण आहे! आणि मी अंगठा दाबला.

त्या हातानं माझ्या हाताच्या पाठीवर दोनदा थोपटलं, मोठी माणसं लहानांना शाबासकी देतात तसं, आणि तो गेला. घंटा पुन्हा वाजायला लागल्या. मी हसत अप्पांकडं पाहिलं. त्यांच्या डाव्या तळव्यात तंबाखू होता, उजव्या हाताच्या बोटांवर चुना होता, आणि दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. अप्पा म्हणाले, "म्या अजून हात घातलाच न्हाय की रं."

मी रुमाल झटकून दोन्ही बाजूंनी पाहिला. भोवती चार दलाल जमले. त्यांतला कुणी घाबरला नाही याचीच मला जास्त भीती वाटली. सगळ्यांनी बाजारात विचारतात तेवढंच विचारलं: घेतलं का दिलं? मामा, एलएल.एम.च्या दुसऱ्या वर्षाला असून मला ते सांगता आलं नाही. सौदा कुणाशी झाला, कशाचा झाला, मी घेतलं की विकलं, यातलं काही ठाऊक नाही. फक्त आकडा ठाऊक: तीन. तीन काय? पोती, महिने, की माझ्या आयुष्यातली वर्षं?

मग अप्पांनी जे सांगितलं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी सगळं लिहिणार आहे. (त्याचं कारण कायद्यात आहे आणि ते शेवटी सांगेन.) नऊ वर्षांपूर्वी त्याच दगडावर धोंडीबा नावाचे तुमचे जिवाभावाचे दोस्त बसले होते. त्यांच्या जोडीतला एक बैल आधीच गेला होता, दुसरा उरला होता. पांढरा, कपाळावर तांबूस पट्टा, नाव बाशिंग्या. धोंडीबांना डॉक्टरांनी मुदत सांगितली होती आणि हे फक्त अप्पांना माहीत होतं. आपल्यामागं बैल कुणाच्याही हाती पडू नये, तो तुमच्या दावणीला जावा, एवढीच त्यांची इच्छा. सकाळी ते अप्पांना म्हणाले होते, "बब्रुवानला फुकाट दिला तर तो घ्याचा न्हाय, लई ताठ हाय. तीन रुपयाला इकतो. इकत म्हणलं की घील." दुपारी बारा वाजता रुमालाखाली त्यांनी तुमची तीन बोटं धरली, आणि रिवाज मोडून कानात सांगितलं, हजार न्हाय, शंभर न्हाय, नुस्तं तीन. आणि मामा, तुम्हाला वाटलं की हा माझी थट्टा करतोय, मला भिकारी समजतोय. तुम्ही हात हिसडून ओढून घेतलात आणि मागं न बघता निघालात. धोंडीबा तसेच बसून राहिले. हातावर रुमाल, अंगठा वाट बघत वर. बाजार उठला तरी ते उठले नाहीत, तेव्हा अप्पांनी रुमाल काढला. बैल दावं तोडून कुठंतरी गेला होता.

मी विचारलं, समोरचा माणूस कोण होता? अप्पा म्हणाले, "आत्ता तूच तर त्येचं नाव घेतलंस."

घरी आलो. घर म्हणजे द्वारकाबाईंची मागची खोली, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी माझ्या प्रबंधाचं 'अपुरा मोबदला' हे दुसरं प्रकरण वाचत बसलो होतो, आणि खिडकीखाली कुणीतरी रवंथ करू लागलं. सावकाश, ओलं, दात दातावर घासल्याचा आवाज. उठून पाहिलं, अंगण रिकामं. साडेबाराला आवाज बंद झाला आणि द्वारकाबाई ओरडल्या. अंगणाच्या मधोमध ताजं, वाफाळतं शेण पडलं होतं. मला वाटलं बाई आता पोलीस बोलावतात, निदान देवऋषी तरी. त्यांनी घमेलं आणलं. म्हणाल्या, भाड्यात बैल धरलेला न्हाय, पर शेण माझं. मी चाचरत सांगितलं की मावशी, बैल दिसत नाही. त्यावर म्हणाल्या, "बैल दिसंना का, शेण तर दिसतंय न्हवं?" आता रोज गवऱ्या थापून कंपाउंडवर वाळत घालतात, आणि मला चहाबरोबर बिस्किट मिळू लागलं आहे. एवढा मान मला सनद मिळाली तेव्हाही मिळाला नव्हता.

पण मामा, हे हसण्यावारी न्यावं असं राहिलेलं नाही. चौथ्या दिवशी हंड्यातलं पाणी माझ्यादेखत वीतभर खाली गेलं. सहाव्या दिवशी भिंतीवर, माझ्या छातीच्या उंचीला, शिंग घासल्याचे ओरखडे उठले. आठव्या दिवशी मी जेवून परत आलो तर टेबलावरून ते दुसरं प्रकरण गायब होतं. चार पानं उरली होती, कडेनं चावलेली आणि लाळेनं चिकटलेली. आणि परवा, दार आतून बंद असताना, श्वास माझ्या मानेवर आला. ऊन ऊन, वाळल्या कडब्याचा वास असलेला. तो मला काही करत नाही. नुसता उभा राहतो. तरी मला भीती वाटते, हे मी सरळ लिहितो. सत्तावीस वर्षांचा आहे, वकील आहे, आणि दुपारी बारा वाजता टेबलाखाली बसतो. द्वारकाबाईंनी मात्र एक गोष्ट हेरली. मातीत खूर उमटतात ते कायम एकाच दिशेला, तोंड तुळजापूर रोडकडं. बाई म्हणाल्या, ह्यो तुझा न्हाय, ह्येला दुसरीकडं जायाचंय.

मी मेहनाज मॅडमकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कृष्णराज, भूत असतं की नसतं हा आपल्या सिलॅबसचा भाग नाही. प्रस्ताव जिवंत होता का, ते बोल." मग त्यांनीच करार कायद्याचं सहावं कलम काढलं. प्रस्ताव देणारा मेला तर प्रस्ताव संपतो, पण कधी? स्वीकारणाऱ्याला स्वीकारण्याआधी तो मेल्याचं माहीत असेल तर. मला माहीत नव्हतं. आणि हात हिसडणं हा रुमालाच्या रिवाजात नकार नव्हेच, म्हणजे माझ्यापुरता धोंडीबांचा प्रस्ताव अंगठा दाबेपर्यंत धडधाकट होता. मामा, मी यासाठी तुमच्यावर रागावलो आहे. नऊ वर्षांत एकदा, निदान हुरडा खाताना, तुम्ही मला धोंडीबा गेल्याचं सांगितलं असतंत तर मी कायद्यानं सुटलो असतो. तुमच्या गप्प बसण्यामुळं मी बैलाचा मालक झालो. तीन रुपये फार कमी नाहीत का, हेही मी विचारून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, मोबदला पुरेसा असावा लागत नाही, असावा लागतो, तू तुझंच अपुऱ्या मोबदल्याचं प्रकरण वाचलं नाहीस का? मी म्हणालो, वाचत होतो, बैलानं खाल्लं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, तसंही ते कच्चंच होतं.

मग मॅडमनी तेच पान पुन्हा वाचलं. म्हणाल्या, एक मात्र आहे. प्रस्ताव ज्याला दिला त्यानंच तो स्वीकारायचा असतो. धोंडीबांनी तो तुझ्या मामांना दिला होता. मग तुझा हात त्यांनी का धरला असेल? मी सांगितलं, की हात घालण्याआधी मी मामांचं नाव घेतलं होतं. मॅडमनी टेबलावर हात आपटला. त्यांना इतकं खूश झालेलं मी प्रथमच पाहिलं. माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, आणि त्यातूनच मला माझी सुटका सापडली.

बाकी क्षेम. पावणेबारा झाले, टेबलाखाली जायची वेळ झाली. तब्येतीला जपावं, उन्हात टोपीशिवाय जाऊ नये.

आपला आज्ञाधारक (पुरता नाही, पण बराचसा),
कृष्णराज

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं सही करावी. त्यात एवढंच लिहिलंय की कृष्णराजनं बाजारात जो अंगठा दाबला तो माझा प्रतिनिधी म्हणून दाबला आणि मला तो मान्य आहे. सही झाली की सौदा पहिल्या क्षणापासून तुमचा आणि धोंडीबांचा होतो, मी मधून मोकळा, बैल तुमचा. ज्याला पूर्ण हकीकत माहीत नाही त्याची अशी सही कायद्यात चालत नाही, म्हणून इतकं लांबलचक लिहिलं. तुमच्या ख्यालीखुशालीसाठी लिहिलं असतं तर एका पानात आटपलं असतं, हे कबूल करतो.

ता. क. दुसरा. मामींना रागावू नये. तुमची रेंज गेल्यावर मी त्यांना फोन केला होता, आणि त्या रडत बोलल्या. धोंडीबा गेले त्याच्या दुसऱ्या पहाटे बाशिंग्या तुमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तो तीन दिवस हलला नाही, हे मला अप्पांनीही सांगितलं नव्हतं. मेलेल्या माणसाचा बैल फुकट दावणीला बांधला असं लोक म्हणतील, म्हणून तुम्ही फाटक उघडलं नाहीत. मामींनी तुमच्या चोरून त्याला बादलीनं पाणी पाजलं. चौथ्या दिवशी तो तिथं नव्हता. तेव्हापासून तुम्ही बाजाराला गेला नाहीत, बैल ठेवला नाहीत, आणि आम्ही सगळे तुमच्या कंबरेला दोष देत राहिलो. मामा, त्यांनी तुमची थट्टा केली नव्हती. तुमचा ताठा सांभाळून बैल कसा द्यावा, एवढाच विचार त्या माणसानं शेवटच्या दिवशी केला. नऊ वर्षांत हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

ता. क. तिसरा, १३ मार्च. पत्र पाकिटात घालूनही दोन दिवस टाकलं नाही, कारण सहीचा कागद पाठवायची मला लाज वाटायला लागली. काल बारा वाजता दुसरा ता. क. मी मोठ्यानं वाचून पाहिला, भाषा नीट झाली का बघायला. रवंथ थांबलं. मानेवरचा श्वास दूर गेला आणि फाटकाची कडी आपोआप वाजली. आज अंगण कोरडं आहे. द्वारकाबाई माझ्याशी बोलत नाहीत, त्यांना वाटतं मी बैल विकला, बिस्किटही बंद. खुरांचे ठसे तुळजापूर रोडपर्यंत गेले आहेत, पुढं डांबर लागलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटत नाही. सहीचा कागद मी फाडला, आता त्याची गरज नाही. हे पत्र आज एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडतो, संध्याकाळपर्यंत तुम्हाला मिळेल. बाशिंग्या म्हातारा आहे, घाट उतरताना थांबत थांबत येईल, तेव्हा उद्या दुपारपर्यंत तुमच्याकडं वेळ आहे. फाटक उघडं ठेवा, आणि गोठ्यात ठेवलेला ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर बाहेर काढून जागा करा.